खाडी ओलांडावी की वळसा घालावा?

(कोल्हापूर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोल्हापूरचा माणूस समुद्रकाठचा नव्हे. परंतु समुद्र त्याला परकाही नाही. सरळ रेषेत मोजले तर करवीर नगरीपासून अरबी समुद्र सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. मध्ये सह्याद्री आडवा पडला आहे, एवढीच काय ती अडचण. रेल्वे कोल्हापूरला आली ती १८९१ साली. त्यापूर्वी येथला गूळ, धान्य आणि तंबाखू घाट उतरून राजापूर, खारेपाटण अशा खाडीकाठच्या बंदरांकडे जात असे आणि परतीच्या बैलांच्या पाठीवर मीठ, नारळ व सुकी मासळी वर येत असे. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला तर १८१२ च्या तहापर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींच्या ताब्यात होता. त्या तहाने तो इंग्रजांकडे गेला आणि कोल्हापूर राज्याचे समुद्राचे दार मिटले. ते राजकीय दार मिटले तरी वाटा मिटल्या नाहीत. आंबा, अणुस्कुरा, गगनबावडा, फोंडा, आंबोली हे घाट आजही कोल्हापूरकराला खाली नेतात. पूर्वी ते माल घेऊन जात, आता शनिवार-रविवारची सहल घेऊन जातात.

आजच्या विषयाचा संबंध या सहलीशीच आहे. एका दिवसात समुद्र पाहून परत यावयाचे असेल तर सारा प्रवास रस्त्याने करावा, की वाटेत खाडी आडवी आली असता फेरीबोटीने ती ओलांडावी? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु शाळेची सहल काढणारा शिक्षक, गावच्या महिला मंडळाला देवदर्शनास नेणारा पंचायत सदस्य किंवा वृद्ध आईवडिलांना गाडीत बसवून निघणारा कर्मचारी यांना हा निर्णय दर हिवाळ्यात करावा लागतो. तो बहुधा जेवणाच्या सुट्टीत, घाईत आणि ऐकीव माहितीवर केला जातो.

प्रथम फेरीबोटीची ओळख करून घेतली पाहिजे. कोकणच्या नद्या आखूड, पण त्यांच्या खाड्या रुंद. शास्त्री नदी जयगडजवळ समुद्राला मिळते, वाशिष्ठी दाभोळजवळ आणि सावित्री बाणकोटजवळ. या मुखांवर पूल नव्हते, म्हणून समोरासमोर असलेली दोन गावे एकमेकांना दिसत असूनही गाडीरस्त्याने दूर असत. माणसे होडीतून पलीकडे जात. तिला तिकडे ‘तर’ म्हणत. पण तरीतून मोटार जाऊ शकत नव्हती. २००३ साली दाभोळ ते धोपावे या मार्गावर मोटारी, मालट्रक व प्रवासी एकत्र वाहून नेणारी सपाट तळाची बोट सुरू झाली आणि चित्र पालटले. पुढे जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडला, दिघी–आगरदांडा अशा मार्गांवरही तशाच बोटी आल्या. स्थानिक लोक तिला ‘जंगल जेटी’ म्हणतात. पुढचा लोखंडी दरवाजा धक्क्यावर टेकतो, गाड्या एकामागून एक आत जातात आणि पलीकडे गेल्यावर बाहेर पडतात. कोल्हापूरकराच्या वाटेवरची खाडी म्हणजे जयगडची. ती ओलांडण्यास सुमारे पाव तास लागतो.

फेरीबोटीविषयी पहिला गैरसमज असा की ती नेहमी अंतर वाचविते. हा समज मुंबईहून आलेला आहे. मुंबईहून मांडव्यास जाणारी मोटारवाहू नौका मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिने सुमारे तासाभरात जाता येते. रस्त्याने जावयाचे तर पनवेल, पेण असा मोठा वळसा आणि त्यात वाहनांच्या रांगा. तेथे बोटीची निवड करणे शहाणपणाचे आहे, यात वाद नाही. परंतु मुंबईकराचे गणित कोल्हापूरकराने उसने घेऊ नये. मुंबई खाडीच्या तोंडाशी वसली आहे, कोल्हापूर घाटाच्या माथ्यावर. मुंबईकराचा वळसा बोटीमुळे संपतो. कोल्हापूरकराला बोटीपर्यंत पोहोचण्यासाठीच अर्धा दिवस खर्चावा लागतो.

हे आकड्यांनी पाहावे. एखादे मंडळ गुहागर, हेदवी, वेळणेश्वर या पट्ट्यात जाऊ इच्छिते असे धरू. एक वाट अशी: कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, निवळी आणि तेथून जयगड. हे झाले सुमारे १६५ किलोमीटर. मग खाडी, आणि तवसाळहून गुहागर आणखी सुमारे ४० किलोमीटर. एकूण दोनशे पाच. दुसरी वाट: महामार्गाने कऱ्हाड, तेथून पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर. हे अंतर सुमारे २१५ किलोमीटर. म्हणजे वाचले ते दहा किलोमीटर. बोटीचे भाडे आणि धक्क्यावर थांबण्याचा वेळ हिशेबात धरला तर तेही उरत नाहीत. इतकेच नव्हे, गणपतीपुळ्याच्या बाजूने गुहागरकडे जाणाऱ्याला बोटीवाचून गत्यंतर नाही ही समजूतही बरोबर नाही. शास्त्री नदीवर राई–भातगाव येथे पूल आहे. जाकादेवीहून त्या पुलावरून आबलोलीमार्गे गुहागर तालुक्यात जाता येते. रस्ता वळणावळणाचा आहे, पण बोट चुकली तर परतीची वाट म्हणून तो ठाऊक असणे फार मोलाचे आहे. गावोगावच्या सहल-नियोजकांपैकी कित्येकांना हा पूल माहीत नसतो.

मग फेरीबोट निरर्थक ठरते काय? मुळीच नाही. तिचा लाभ किलोमीटरमध्ये मोजावयाचा नाही. ज्या मुलाने पंचगंगेपेक्षा मोठे पाणी पाहिले नाही, त्याला गाडीसकट पाण्यावर तरंगण्याचा तो पाव तास भूगोलाच्या चार धड्यांहून अधिक शिकवितो. खाडी म्हणजे काय, गोडे व खारे पाणी कोठे मिसळते, कांदळवने चिखलात कशी उभी राहतात, मासेमारी नौकांच्या रांगा, जयगडच्या किल्ल्याने खाडीचे तोंड कसे धरून ठेवले आहे, हे सारे एका दृष्टिक्षेपात येते. चालकाच्या हातापायांनाही तेवढीच विश्रांती मिळते. तेव्हा बोट घ्यावी की न घ्यावी याचा निर्णय अंतरावरून करू नये. तो घड्याळावरून करावा.

कोल्हापूरहून पहाटे पाचला गाडी निघाली असे धरा. साडेसहा-सातला आंबा घाट लागतो. वाटेत चहा घेऊन गणपतीपुळ्यास पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. दर्शन, किनारा, मुलांची आवराआवर यांत बहुतेक सहलींचे तीन तास सहज जातात. दुपारी एकच्या सुमारास जयगडचा धक्का, दोन-अडीचला हेदवीस जेवण, चारला वेळणेश्वर. आता परतावयाचे. पुन्हा तवसाळ, पुन्हा धक्क्यावरची रांग, खाडी ओलांडून जयगडहून निघेपर्यंत पावणेसहा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे निवळीकडचा अवजड वाहनांचा रस्ता आणि त्यानंतर संपूर्ण आंबा घाट काळोखात चढावयाचा आणि घरी पोहोचावयाचे ते रात्री दहा-साडेदहाला. तोपर्यंत चालक सतरा तास जागा असतो. पहाटे उठून गाडी धुणारा, डिझेल भरणारा तोच. आणि इतर लोक किनाऱ्यावर असताना गाडीशी थांबलेलाही तोच.

हा केवळ कल्पनेतला धोका नव्हे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी एक मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. सुट्टीच्या दिवशी देवदर्शनास निघालेल्या पुण्याकडील कुटुंबांतील तेरा जणांचा त्यात अंत झाला, त्यांत लहान मुलेही होती. ज्या घाटाची धास्ती सर्वांना असते तो घाट मागे पडलेला होता. कोल्हापूरचे दिवे समोर दिसत होते. शहरातील तरुण आणि आपत्ती पथकाचे लोक रात्रभर पाण्यात उतरून शोध घेत होते. त्या रात्रीची आठवण अनेकांच्या मनात अजून ताजी आहे. एका अपघाताची कारणे अनेक असतात आणि त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु सहलीचा शेवटचा तास हा पहिल्या तासासारखा नसतो, ही गोष्ट त्या कठड्यापाशी थांबून प्रत्येक नियोजकाने मनाशी घोळवावी.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. कोल्हापूरच्या एकदिवसीय सहलीने खाडी एकदाच ओलांडावी, नाहीतर मुळीच ओलांडू नये. एकदाच ओलांडणे याचा अर्थ असा की जाताना आंबा घाट आणि जयगडची बोट, व येताना चिपळूण, कुंभार्ली घाट आणि कऱ्हाड. गणपतीपुळ्याचा मुक्काम तासाभरात आवरला तर अकराच्या सुमारास बोट मिळते, बाराला हेदवी, जेवण करून दीडला वेळणेश्वर आणि तीनला निघाले की साडेचारच्या सुमारास चिपळूण. दिवस मावळता मावळता कुंभार्ली घाट चढून होतो. उरलेला अंधारातला प्रवास पाटणचा रस्ता व त्यापुढे कऱ्हाडपासूनचा दुभाजक असलेला महामार्ग असा होतो. त्याच धक्क्यावर परत येण्याची, शेवटची बोट गाठण्याची धावपळ राहत नाही. शेवटची बोट गाठण्यासाठी तवसाळच्या उतारावर भरधाव सुटलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आणि मंडळींचे मन गणपतीपुळ्यातच रमणार असेल तर तेथेच रमावे. दुपारी साडेतीनला निघावे, आंबा घाट उजेडी चढावा. बोट पुढच्या वर्षी.

वेळेचा विचार आला की भरती-ओहोटीचा विचार ओघाने येतोच. देशावरच्या माणसाच्या अंगवळणी ही गोष्ट पडलेली नसते. कोळी बांधवांचा एक जुना आडाखा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. स्थळपरत्वे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो आणि भरती दिवसातून दोनदा येत असल्याने दुपारचे तीन आणि पहाटेचे तीन अशा दोन्ही वेळा धराव्या. दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. संकष्टीला पुळ्यास जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्या दिवशी दुपारी तीननंतर पाणी मागे हटू लागते आणि नेमक्या त्याच वेळी जेवणे उरकून मंडळी अंघोळीस उतरतात. मागे हटणारे पाणी माणसाला आत ओढते. पुळ्याचा किनारा देखणा, पण पोहण्यास बेभरवशाचा, हे तेथील ग्रामस्थ येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगून थकले आहेत.

बोटीच्या बाबतीतही या आडाख्याचा उपयोग आहे. भरतीला बोट धक्क्याशी जवळजवळ सपाट लागते. ओहोटीला ती खाली जाते आणि दरवाजा व धक्का यांच्यामध्ये तीव्र उतार तयार होतो. लहान मोटार अडत नाही. लांब बसचा मागचा भाग मात्र टेकण्याची भीती असते. म्हणून सहलीची बस मोठी असेल तर प्रवाशांना आधी उतरवून पायी बोटीवर न्यावे आणि बस रिकामी चढवावी. मुले बसमध्ये बसून खाडी ओलांडणार नाहीत, हा नियम शिक्षकांनी कोणत्याही स्थितीत मोडू देऊ नये. पाण्यावर असताना बंद बसमध्ये अडकलेले मूल ही कल्पनाही सहन होण्याजोगी नाही.

जलप्रवासाचे धोके महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन ओळखले आहेत. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. घरोघरी आकाड संपण्याच्या बेतात होता. गावाकडे निघालेल्यांनी बोट भरली होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जण दगावले. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांचा आग्रह सर्वत्र वाढला. तो वाढावयासच हवा होता. परंतु हेही खरे की सहलीतील माणसे बोटीवर जेवढी दगावतात त्याहून कितीतरी अधिक वेळा ती किनाऱ्यावर दगावतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी वादळ नव्हते की बोट नव्हती. नुसता समुद्र होता आणि तरुण मुले होती. बोटीला घाबरून रस्त्याने जाणारा आणि पोहोचताच मुलांना पाण्यात सोडणारा नियोजक सावध म्हणता येत नाही.

काही ठिकाणी निवड करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. फोंडा घाटाने मालवणला गेलेल्या कोल्हापूरकराला सिंधुदुर्ग पाहावयाचा असेल तर होडीत बसावेच लागते, कारण तो किल्ला बेटावर आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली त्याचे बांधकाम आरंभिले. किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिराशी कोल्हापूरच्या राजघराण्याचा श्रद्धेचा संबंध असल्याने करवीरच्या मुलांना तेथे अवश्य न्यावे. मात्र पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत, होड्या बंद असतात. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा उघडण्यापूर्वी ‘एक धावती भेट’ म्हणून निघालेली कुटुंबे मालवणच्या धक्क्यावरूनच तटाकडे पाहून परत फिरतात.

पावसाळ्यात रस्त्याचीही खात्री नसते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि अवजड वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली. गगनबावड्याचा करूळ घाट २०२४ मध्ये काँक्रिटीकरणासाठी बंद ठेवावा लागला, तेव्हा भुईबावड्याच्या अरुंद वाटेवर सारा भार पडला. निघण्याच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे की नाही याची पोलीस ठाण्यात किंवा एस.टी. आगारात चौकशी करणे हे दोन मिनिटांचे काम आहे. बोटीच्या वेळाही ऋतूनुसार व गर्दीनुसार बदलतात. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर पोहोचल्याबरोबर, पहिल्या प्रथम विचारून घ्यावी. परतताना विचारून उपयोग नसतो.

येथे एका गोष्टीकडे पंचायत सदस्यांचे विशेष लक्ष वेधणे अगत्याचे आहे. फेरीबोट ही पर्यटकांची चैन असेल, पण तवसाळ, जयगड, धोपावे, दाभोळ या गावांची ती रोजची वाट आहे. पलीकडे नोकरीस जाणारा, आजारी माणसाला दवाखान्यात नेणारा, मासळी घेऊन बाजार गाठणारी बाई, ही सारी त्याच बोटीने जातात. रविवारी किंवा नाताळच्या सुट्टीत बाहेरगावच्या मोटारींची रांग लागली की यांची फेरी चुकते. तेथल्या एखाद्या आजीबाईला ‘मावशी, तुम्ही पुढे व्हा’ असे म्हणून वाट करून देणारे सहलकरी असतात. रांग मोडून गाडी घुसविणारेही असतात आणि त्यांच्या गाडीचा क्रमांक कोणत्या जिल्ह्याचा आहे हे गावकरी नीट ध्यानात ठेवतात. रुग्णवाहिका आली तर चढलेली मोटारसुद्धा मागे घ्यावी. कोल्हापूरच्या पाहुणचाराचा लौकिक मोठा आहे. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या गावी गेल्यावर वागण्याची रीतही त्या लौकिकाला शोभणारी असावी.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या योजनेत दाभोळ व जयगडच्या खाड्यांवर पूल योजलेले आहेत. ते पूर्ण झाले म्हणजे आजचा प्रश्न आपोआप निकालात निघेल आणि तवसाळच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागणार नाही. तोवर सहलीच्या परवानगीचा अर्ज लिहिताना शिक्षकांनी जाण्याच्या वेळेबरोबर आणखी दोन वेळा त्यात लिहाव्या: खाडी ओलांडण्याची आणि घाट चढावयास लागण्याची. दुसरी वेळ सूर्यास्तानंतरची येत असेल तर मुख्याध्यापकांनी तो अर्ज परत करावा आणि एखादे ठिकाण गाळून पुन्हा आणावयास सांगावे.